शेळीसाठी लावलेली कडी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गाण्यांच्या वह्या हातानं लिहीत आणि एक वही पुरी व्हायला अख्खा पावसाळा जाई. एका टेकडीच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि टेकडीवर गावाचं प्रार्थनामंदिर. मंदिराला लागून एक खोली होती. तिथं मुलांना देवाची गाणी शिकवत.

कुणाच्या तरी पणजोबांच्या काळात या खोलीत एक शेळी शिरली. दार उघडं होतं, शिकवणारे पाणी प्यायला गेले होते आणि वही खाली पडली होती. शेळीनं स्तोत्रांची सतरा पानं खाल्ली. गावाला फार लागलं. वडीलमंडळी बसली आणि नियम झाला, की यापुढं शिकवणी चालू असताना दाराला आतून कडी.

शेळी मेली, पणजोबा गेले, नियम राहिला. मोडायची छाती कुणाची नव्हती. माणसाचं असंच असतं बघा. कारण विसरतो, कडी विसरत नाही.

मी सांगतो ती गोष्ट त्यानंतर बऱ्याच वर्षांची. तेव्हा जे गायनगुरुजी होते, त्यांचं नाव सात गावांत होतं. कापणीच्या सणाला पहिली कणसं वेदीपुढं ठेवली की गुरुजींची मुलं गात आणि सात गावांचे पाहुणे डोळे पुसत. "गुरुजींमुळं आपलं मंदिर आहे," असं लोक म्हणत. देवामुळं आहे, असं म्हणणारे थोडे कमी होते.

त्या मुलांत अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिला आईबाप नव्हते. मंदिर झाडणाऱ्या मावशीनं तिला वाढवलं होतं. सणाच्या गाण्याचं शेवटचं कडवं ती एकटीच म्हणायची.

सणाला बारा दिवस राहिले आणि ती गायची थांबली. चूल फुंकताना गुणगुणायची, तेही बंद झालं. मावशीनं मध चाटवला, तुळशीचा काढा दिला. घसा तर बरा दिसत होता. मग मावशीच्या ध्यानात आलं, की पोरगी धान्याच्या कणगीजवळ जात नाही. झाकण उघड म्हटलं की ती अंगणात पळते.

"काय झालं गं?" मावशीनं विचारलं.

"काही नाही. सांगितलं तर आवाज कायमचा जाईल."

"असं कोण म्हणालं?"

 मग पोरीनं सगळं सांगितलं. सूर चुकला की गुरुजी गाताना घालायचे झगे ठेवायच्या लाकडी पेटीत कोंडतात. झाकण लावून वर बसतात. बाकीच्यांना मोठ्यानं गायला लावतात, म्हणजे आतलं रडणं बाहेर जात नाही. बाहेर काढल्यावर म्हणतात, कुठं बोललीस तर देव तुझा आवाज काढून घेईल.

"आणि मावशी, मी कुठंच बोलले नव्हते. तरी गेला."

 त्या खोलीचा उंबरा मावशी रोज सकाळी झाडत होती. ती पेटीसुद्धा तिनंच पुसली होती, किती वर्षं.

ती तशीच मंदिराच्या पाळकबाबांकडं गेली. पाळकबाबा वाईट माणूस नव्हते, हे मला आधी सांगितलं पाहिजे. आजाऱ्याच्या उशाशी बसणारे, भांडणं मिटवणारे, उपासनेला जमणाऱ्या मंडळीवर जीव टाकणारे होते. मंडळीवर जीव इतका, की मंडळीच्या नावाला ओरखडा पडेल या विचारानंच त्यांना घाम फुटे.

त्यांनी सगळं ऐकलं. डोळ्यांत पाणीही आलं. मग म्हणाले, "बाई, सण तोंडावर आलाय. सात गावं यायचीत. सण होऊ दे, मग मी बघतो. तोवर हे चार भिंतींत राहू दे. आणि पोरीला क्षमा करायला शिकव."

"क्षमा अजून कुणी मागितलीच नाही, बाबा," मावशी म्हणाली. "मग ती करायची कशी?"

 पाळकबाबांना स्वस्थ बसवेना. दोन्ही बाजू ऐकाव्यात म्हणून ते गुरुजींकडं गेले आणि पोरीचं नाव घेऊन विचारलं. गुरुजी हसले. "लेकरं अंधाराला भितात आणि गोष्टी रचतात. तुम्ही मनावर घेऊ नका." पाळकबाबांना एवढंच ऐकायचं होतं. ते हलक्या पायांनी घरी आले.

दुसऱ्या दिवशी मावशीकडं गुरुजींचा निरोप आला. पोरीचा सूर कच्चा राहिला आहे, सोमवारी सगळ्यांच्या आधी एकटीलाच पाठवा.

मावशी पुन्हा टेकडी चढली. "बाबा, तुम्ही माझ्या पोरीचं नाव सांगितलंत?"

 इतके दिवस पाळकबाबा मंदिराच्या नावासाठी भीत होते. त्या पोरीसाठी भ्यायला हवं होतं, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. कळलं, पण उठून उभं राहायचं धैर्य अजून झालं नाही.

मावशीनं निरोपाला उत्तर दिलं नाही. पोरीला ती पाठवणारच नव्हती. पण विहिरीवर दोघींच्या कानांवर आलं, की रिकाम्या जागी कुंभाराची सात वर्षांची लेक सोमवारपासून गाणं शिकायला जाणार. तिला नवा परकर शिवलाय म्हणे.

त्या दिवसापासून पोरीला घास उतरेना. "मावशी, सोमवारला किती दिवस?" असं ती विचारायची आणि घटकाभरानं पुन्हा तेच. चार दिवस, तीन दिवस. मावशीला सांगताना जड व्हायचं आणि पोरीला ऐकताना. शेवटी सोमवार उजाडला आणि मावशी पाणी घेऊन येते तो पोरगी घरात नव्हती.

ती टेकडीवर होती. शिकवणीच्या खोलीच्या उंबऱ्यात बसली होती, चौकटीच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला पाय टेकवून. दार लागायला जागाच नव्हती.

"ऊठ, बाळ," गुरुजी गोड आवाजात म्हणाले, कारण अंगणात सणाचं सामान आणणारी माणसं होती.

ती उठली नाही. तिचे दात वाजत होते, ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

"उंबऱ्यात बसू नये, एवढंही शिकवलं नाही का कुणी?" एक म्हातारी म्हणाली. "दार लागू दे गं, शेळी शिरेल," दुसरं कुणी म्हणालं. पाळकबाबा कडेला उभे होते.  तेवढ्यात मावशी धापा टाकत आली, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि पोरीला खेटून बसली.

इतक्यात कुंभार आला. लेकीचं बोट धरलेलं, तिचे केस तेल लावून चापून बसवलेले. हा कुंभार अंगानं दांडगा होता, पण उपासनेत कधी गात नसे, नुसते ओठ हलवी. गाव त्याला त्यावरून चिडवायचं आणि तो हसण्यावारी न्यायचा.

"काका," पोरगी म्हणाली, "तिला आत नेऊ नका. पेटीत फार अंधार असतो."

कुंभार जागीच थांबला. त्यानं लेकीचा हात घट्ट धरला. मग अगदी हळू विचारलं, "पेटी अजून आहे?"

अंगणातली माणसं एकमेकांकडं बघू लागली. मागं एक बाई कणसांचा भारा टाकून मटकन खाली बसली. एका तरण्या गड्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. ही सगळी कधीकाळी या खोलीत शिकलेली मुलं होती.

"बाबा, यांना आवरा," गुरुजी म्हणाले. आता आवाजात गोडी नव्हती. "सण चार दिवसांवर आलाय."

थोड्या दिवसांपूर्वी पाळकबाबांनीही हेच म्हटलं होतं. या वेळी ते पोरीजवळ गेले आणि म्हणाले, "पोरी, मला आत जाऊ देशील?" तिनं पाय जवळ घेतले. त्यांनी पेटीतले झगे बाहेर काढले, झाकण उजेडाकडं फिरवलं. आतल्या बाजूला नखांचे ओरखडे होते. काही ताजे, काही इतके जुने की लाकडाच्याच रंगाचे झालेले. मावशीनं पेटी रोज पुसली होती, पण बाहेरून.

पाळकबाबा बाहेर सगळ्यांपुढं आले. "शेळीसाठी लावलेली कडी आपण लांडग्याच्या हातात दिली," ते म्हणाले. "आणि हिच्या मावशीनं मला सांगितलं, तेव्हा मी सणाचे दिवस मोजत बसलो."

त्याच दुपारी गुरुजींना राजाच्या न्यायाधीशापुढं नेलं. गुपचूप दुसऱ्या गावी जाऊ दिलं नाही. सातही गावांना पत्रं गेली, काय घडलं ते स्पष्ट शब्दांत लिहून. "लिहू नका बाबा, हसं होईल," वडीलमंडळी म्हणाली. "होऊ दे," पाळकबाबा म्हणाले. "पेटीपेक्षा हसं बरं."

तो सण फार वाईट गेला, हे मी लपवणार नाही. गाणं झालं नाही. पाळकबाबांनी वेदीपुढं उभं राहून गुरुजींचं आणि स्वतःचं सगळं सांगितलं. पोरीचं नाव मात्र तिनं हो म्हटल्याशिवाय घेतलं नाही. काही पाहुणे आपली कणसं उचलून निघून गेले. पुढची दोन वर्षं ते आले नाहीत.

मग पाळकबाबा मावशीच्या घरी गेले. पोरीला म्हणाले, "माझं चुकलं, एवढंच सांगायला आलोय. तू क्षमा कर असं म्हणत नाही. आणि एक ऐक. तुझा आवाज देवानं नेला नाही. देव लेकरांचं काही काढून घेत नाही. तो भीतीनं नेलाय."  पोरगी कळशी उचलून पाण्याला गेली. बाबाही उत्तरासाठी थांबले नाहीत.

पेटी फोडून सरपणात गेली. सुतारानं खोलीचं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि त्याच फळ्यांचं बाक करून ओसरीवर ठेवलं. शिकवणी असली की दोन मोठी माणसं पाळीपाळीनं त्या बाकावर बसू लागली. कुणाही लेकरानं तिथं येऊन काहीही सांगावं आणि मोठ्यांनी मधे न बोलता ऐकावं, असं ठरलं. पहिले कित्येक महिने पोरं नुसती हरवलेल्या भोवऱ्यांची आणि ओढलेल्या वेण्यांची गाऱ्हाणी सांगायची. मोठ्यांनी तीही मन लावून ऐकली. लेकरं अशीच असतात. मोठं दुःख सांगण्याआधी लहान गाऱ्हाणं सांगून माणूस पारखतात.

बाकावर सगळ्यांत जास्त कुंभार बसायचा. पाळी नसतानाही यायचा. एके दिवशी शेजारच्या माणसाला त्यानं आपल्या लहानपणाचं सांगायला सुरुवात केली आणि पुरं व्हायला तीन सोमवार लागले.

पोरीला कुणी गा म्हणालं नाही. ती शिकवणीला येऊन खोलीच्या कोपऱ्यात बसे, मन झालं तर उठून जाई. दोन वर्षं अशी गेली.

आणि मग एका सोमवारी, दार नसलेल्या त्या खोलीत शेळी शिरली.

बाकावरची दोघं गप्पांत होती. कुणी उठेपर्यंत शेळीनं वहीतली तीन पानं मटकावली होती आणि चौथं तिच्या तोंडात होतं. मावशी झाडू घेऊन धावली, शेळी तिच्याभोवती फिरली आणि मावशी स्वतःच्याच झाडूला अडखळून खाली बसली. पोरगी हसली. खदखदून, पोट धरून हसली. मावशी तिच्याकडं बघतच राहिली आणि झाडू उगारायचा विसरली.

"आता शेवटचं कडवं गेलं," कुंभाराची लेक रडवेली होऊन म्हणाली. "ते आम्हा कुणालाच पाठ नाही."

 मग कोपऱ्यातून आवाज आला, आधी घोगरा, नंतर थोडा मोकळा. पोरीला ते कडवं पाठ होतं. ती बसल्या बसल्या म्हणू लागली. एके ठिकाणी सूर चुकला, ती थबकली. तिनं दाराकडं पाहिलं. दार नव्हतं. ओसरीवर कुंभार बसला होता आणि तो पुढची ओळ म्हणत होता, सपशेल बेसूर. मग तिनं उरलेलं कडवं पुरं केलं.

तात्पर्य: मंडळीची अब्रू दार लावून राहत नाही, लेकरं राखून राहते.