बेडकी आणि अळवाचं पान

एक होती बेडकी. एक होतं अळू. आणि एक होती अळवाची धनीण, येसूकाकू.

येसूकाकूच्या घरामागं मोरी. मोरीपासून निघायचा मातीचा छोटासा पाट. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, खळ खळ खळ, पाटातून जायचं. जायचं ते थेट अळवाच्या बुडाशी. तिथं होतं एक डबकं, परातीएवढं. आणि डबक्यात बेडकीची पाच पिल्लं.

पिल्लं कसली, काळे काळे ठिपकेच ते! ठिपक्याला शेपूट. वळ वळ वळ वळ. पाय अजून फुटलेच नव्हते.

एक दिवस काय झालं? पाणी यायचं थांबलं. काल नाही, आज नाही. अळवाची पानं सुकली. डबक्यावर ऊन आलं. परातीएवढं डबकं ताटाएवढं झालं.

बेडकीनं पिल्लं मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. आहेत बाई! पण पाणी संपलं तर जायची कुठं? जायला पाय नकोत का?

बेडकीनं मान वर केली.

"अळवा अळवा, सावली दे.
डबकं चाललं आटून,
पिल्लं बसली दाटून."

अळवाला उरलं होतं एकच हिरवं पान. तेही लुळं. अळू म्हणालं, "कशी देऊ गं? पाट पाणी सोडीना. पाट पाणी सोडील, मग मी सावली देईन."

बेडकी निघाली. टुण टप, टुण टप. पाटाकडं गेली.

"पाटा पाटा, पाणी सोड.
अळू सावली देईना,
डबकं चाललं आटून,
पिल्लं बसली दाटून."

पाट म्हणाला, "घॉक! घॉक! माझ्या घशात बघ काय अडकलंय. प्लास्टिकची पिशवी! पाणी येतं न् रस्त्यावर जातं. नुसता चिखल. पिशवी हलेल, मग मी पाणी सोडीन."

टुण टप, टुण टप. बेडकी पिशवीकडं गेली.

"पिशवी पिशवी, हल की गं.
पाट पाणी सोडीना,
अळू सावली देईना,
डबकं चाललं आटून,
पिल्लं बसली दाटून."

पिशवी चुरचुरली. "मी हलून काय उपयोग? मी गेले की उद्या दुसरी येईल. काकू रोज एक घेऊन येते. आणि ती कापडी थैली बघ, खुंटीवर बसलीय राणीसारखी! थैली खुंटी सोडील, मग मी हलेन."

टुण टप, टुण टप. उंबरा चढली. धप्पकन आत पडली. खुंटीखाली गेली.

"थैली थैली, खुंटी सोड.
पिशवी काही हलेना,
पाट पाणी सोडीना,
अळू सावली देईना,
डबकं चाललं आटून,
पिल्लं बसली दाटून."

थैली म्हणाली, "खुंटी सोडू? आणि कांदे-बटाटे रस्त्यात सांडू? माझं बूड बघ. मूठ जाईल एवढं भोक! सुई मला शिवील, मग मी खुंटी सोडीन."

टुण टप, टुण टप. फळीवर पत्र्याची डबी. डबीत सुई.

"सुई सुई, थैली शीव.
थैली खुंटी सोडीना,
पिशवी काही हलेना,
पाट पाणी सोडीना,
अळू सावली देईना,
डबकं चाललं आटून,
पिल्लं बसली दाटून."

सुईचं बोलणं टोचरंच. "शीव म्हणे शीव! नुसती मी काय करू? भोकाशेजारी अजून भोकं पाडू? दोरा माझ्या नाकात जाईल, मग मी शिवीन."

दोरा शेजारीच. गुंडाळून पडलेला, पेंगत.

"दोऱ्या दोऱ्या, नाकात जा.
सुई थैली शिवेना,
थैली खुंटी सोडीना,
पिशवी काही हलेना,
पाट पाणी सोडीना,
अळू सावली देईना,
डबकं चाललं आटून,
पिल्लं बसली दाटून."

दोरा म्हणाला, "जा म्हणजे? मला काय पाय आहेत?"

बेडकी म्हणाली, "बिनपायाची पाच घरी आहेत माझी. त्यात तू सहावा!"

दोरा म्हणाला, "रागावू नको बाई. येसूकाकू हात लावील, मग मी नाकात जाईन."

टुण टप, टुण टप. येसूकाकू दारात होती. पायात चपला घालत होती.

"काकू काकू, हात लाव.
दोरा नाकात जाईना,
सुई थैली शिवेना,
थैली खुंटी सोडीना,
पिशवी काही हलेना,
पाट पाणी सोडीना,
अळू सावली देईना,
डबकं चाललं आटून,
पिल्लं बसली दाटून."

"अगं बाई! पायात काय आलं हे?" काकू म्हणाली. "हात लावते गं, पण कधी लावू? घरचं अळू पान देईना. म्हणून रोज उठते न् बाजारला पळते. भाजी आणा, निवडा, शिजवा. तोवर दिवस मावळतो. अळू पान देईल, मग मी हात लावीन."

बेडकी माघारी फिरली. टुण... टप. टुण... टप.

डबकं बघितलं. ताटाएवढं होतं, ते वाटीएवढं झालं होतं. पाची पिल्लं एकावर एक. शेपट्या कुणाच्या कुठं, कळत नव्हतं.

बेडकीनं मान वर केली.

"अळवा अळवा, पान दे.
काकू हात लावीना,
दोरा नाकात जाईना,
सुई थैली शिवेना,
थैली खुंटी सोडीना,
पिशवी काही हलेना,
पाट पाणी सोडीना,
अळू सावली..."

बेडकी थबकली. अळूही थबकलं.

"म्हणजे काकू माझ्यासाठी अडलीय," अळू म्हणालं. "आणि मी पाटासाठी."

"हो."

"पाट पिशवीसाठी. पिशवी थैलीसाठी. फिरून फिरून सगळं माझ्याच दारात आलं की गं."

"आलं खरं."

डबक्यातलं पाणी मात्र थांबलं नाही. ते आटतच होतं.

मग अळू म्हणालं, "कुणीतरी आधी हलायला पाहिजे. हे घे, माझं पान ने."

"एकच तर उरलंय तुला!"

"मातीखाली माझा कंद आहे. मी धीर धरीन. पण पान गेलं की डबक्यावर सगळंच ऊन येईल हं."

"उन्हाचं मी बघते," बेडकी म्हणाली.

टच्च! पान तुटलं.

बेडकीनं पान डोक्यावर घेतलं. टुण टप, टुण टप, टुण टप, टुण टप! आता दमायला वेळ नव्हता. खाली बेडकी दिसेना, वर नुसतं पान. पान उड्या मारत दारात आलं.

"अगं बाई बाई! अळू चालत आलं!" येसूकाकूचे डोळे एवढे मोठे झाले.

बेडकीनं पान ठेवलं. वळली आणि पळाली. डबकं आता पळीएवढं उरलं होतं. बेडकी त्याच्या काठावर बसली, चार पाय पसरून. ऊन तिच्या पाठीवर. सावली पिल्लांवर.

इकडं काकूनं पान उलटसुलट करून पाहिलं. "एका पानाची वडी काय व्हायची? दाताला लागायची नाही. पण आमटीत टाकते. एवढं लांबून आलंय ते. जाऊ दे, आज बाजार नको."

काकूनं चपला काढल्या. आणि काय नवल! काकूला वेळच वेळ.

काकूनं हात लावला.
दोरा नाकात गेला.
सुईनं थैली शिवली. सुळ सुळ, सुळ सुळ.
थैलीनं खुंटी सोडली. बसली काकूच्या खांद्यावर.

"चल गं थैले," काकू म्हणाली. "आमटीत अळू आहे, घसा खाजेल. झाडाखाली पडलेल्या चिंचा वेचून आणू."

मागच्या दारानं काकू निघाली. मोरीपाशी पाय घसरला. सर्रर्र!

"कुणी केला हा चिखल?" काकू ओरडली. खाली वाकली. पाटात पिशवी! "अगं बाई, ही तर मीच टाकली होती!"

पिशवीनं थैली पाहिली. "आलीस का खाली? मग मी कशाला अडून बसू?"

पिशवी हलली.

काकूनं ती ओढून काढली. धुतली, दोरीवर वाळत घातली. म्हणाली, "फाटेपर्यंत आता तुलाच वापरीन. दुसरी आणायची नाही."

पाटानं पाणी सोडलं. खळ खळ खळ खळ!

पाणी आधी लागलं बेडकीच्या पायांना. मग पोटाला. मग तापलेल्या पाठीला. हाऽऽ! पळीएवढं डबकं वाटीएवढं झालं. वाटीएवढं ताटाएवढं, ताटाएवढं परातीएवढं.

बेडकीनं पिल्लं मोजली. एक. दोन. तीन. चार. पाचवं कुठाय? पाचवं कुठाय? आईच्या पोटाखाली! पाच!

अळू पाणी प्यालं. गट गट गट. दुसऱ्या दिवशी मातीतून एक हिरवी सुरळी वर आली. तिसऱ्या दिवशी सुरळी उलगडली. अळवानं सावली दिली.

डबकं आलं भरून,
पिल्लं आली फिरून.

मग पिल्लांना मागचे पाय फुटले. मग पुढचे पाय फुटले. शेपट्या कुठं गेल्या, कुणालाच कळलं नाही. अळवाला आली पाच पानं. काकूच्या घरी वड्या झाल्या, आणि काकूनं दोन पानं जागेवर राखून ठेवली, डबक्यावर सावलीला.

संध्याकाळ झाली की आई म्हणायची, "डराव!" आणि पाची पोरं म्हणायची, "ड्रिक, ड्रिक, ड्रिक, ड्रिक, ड्रिक!" वर सावली, खाली पाणी, मधे बेडकीचं गणगोत. सुख त्यांच्या दारी आलं, आणि तिथंच नांदायला लागलं.