आंबेखिंडीतला झोपेचा पार

हळू बोला जरा. स्टँडवर उतरलात की समोर हा नांद्रुकाच्या झाडाखालचा पार दिसतो, आणि त्यावर पाच-सहा माणसं आडवी असतातच. कोणी भाजीची पाटी उशाला घेऊन, कोणी चपला पोटाशी धरून. यांना उठवायचं नाही, ही या गावची रीत. गाडी लागली तरी नाही. कंडक्टर नवा असला तर दोन हाका मारतो, मग त्याला आम्ही गप्प करतो. मला इथं सोनाक्का म्हणतात, चाळीस वर्षं चहा विकतेय. आणि चाळीस वर्षं तुमच्यासारख्यांना हेच सांगतेय. बसा, सांगते, सांगितल्याशिवाय तुम्ही थोडेच हलणार आहात!

फार जुनी गोष्ट. तेव्हा कोकणातनं मिठाची ओझी डोक्यावर घेऊन बायका-पुरुष हा घाट चढून यायचे. चढ असा की वर येईतो जीव मेटाकुटीला यायचा. सावली म्हणाल तर ह्या एका झाडाची. पण गावात एकदा धान्याची चोरी झाली, आणि पाटलानं हुकूम काढला म्हणे : परक्या माणसानं पारावर पाठ टेकायची नाही. बसा, पाणी प्या, चालू लागा. कोणी आडवं झालं की उठवायचं काम सटवाजी नावाच्या जागल्याकडे, म्हणजे गावच्या राखणदाराकडे होतं. कानाशी काठी आपटायचा. माणूस वाईट नव्हता, पण हुकमाचा ताबेदार.

एका वैशाखात येसू नावाची बाई मीठ घेऊन वर आली. नवरा अंथरुणाला खिळलेला, पोरं लहान. पारावर टेकली आणि तिचा डोळा लागला. सटवाजीनं काठी आपटली. ती उठून बसली, परत कलंडली. पुन्हा काठी. तिसऱ्यांदा तिनं हात जोडले, "दादा, वाईच पडू दे रे. घटकाभर." तो म्हणाला, "मला नोकरी करायची हाय बाई, चल ऊठ." ती उठली, ओझं डोक्यावर घेतलं आणि पलीकडच्या उतारावर गेली. तिथं एका दगडाला टेकून बसली ती पुन्हा उठलीच नाही.

तेव्हापासून सटवाजीची झोप गेली. डोक्यावर तेल थापलं, अंगारे झाले, देवऋषी झाला. डोळे मिटले की कानात काठी वाजायची, असं सांगतात. सहा महिन्यांत माणसाचं चिपाड झालं. शेवटी त्यानं डोंगरावरच्या देवीला कौल लावला. कौल असा मिळाला, की कोणी वाटसरू तुझ्या भरवशावर पोटभर झोपेल आणि आपण होऊन उठेल, तेव्हा तुझा डोळा लागेल.

त्यानं काठी मोडून चुलीत घातली. पारावर स्वतःचं घोंगडं अंथरलं, पाण्याचा घडा ठेवला. पण त्याच्या राखणीला झोपणार कोण? सगळा घाट त्याला ओळखत होता. लोक त्याला बघून लांबूनच वाट धरायचे. तो हाका मारायचा, "अहो पाव्हणं, पडा की घटकाभर!" ते जास्तच भरभर चालायचे. वर्ष गेलं असं.

मग देवीच्या जत्रेच्या दिवशी एक म्हातारी वर आली. ती ह्या वाटेला नवखी, तिला काही ठाऊक नाही. घोंगड्यावर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "लेकीला हुडकत आलेय बाबा. येसू तिचं नाव. मीठ घेऊन गेली ती परतलीच नाही. जरा पडते, मग पुढं जाते." आणि पडल्या पडल्या झोपली.

सटवाजी उभ्या जागी गार झाला. तेवढ्यात पालखी आली. ढोल, हलगी, गुलाल, सगळं गाव. तो वाटेत आडवा उभा राहिला. पाटील ओरडला, "देवीला अडवतोस? डोकं फिरलं का तुझं?" सटवाजीनं पाटलाचे पाय धरले, "मालक, मला मारा पाहिजे तर, पण हिला उठवू नका." ढोलकऱ्यांनी ढोल खाली ठेवले. भर उन्हात पालखी खांद्यावर थांबली.

उन्हं कलली तेव्हा म्हातारी आपण होऊन उठली. डोळे चोळत म्हणाली, "किती झोपले गं बाई! उठवलं नाहीत कोणी?"

आता बघा, कौल पुरा झाला होता. गप्प राहिला असता तर त्याचं भागलं असतं. पण त्याच्यानं राहवलं नाही. गावादेखत त्यानं सांगितलं, की आई, तुझी लेक घटकाभर झोप मागत होती, तिला मी तीनदा उठवलं, आणि पुढं काय झालं तेही.

म्हातारी त्याच्या अंगावर धावली. "मेल्या, घटकाभर मागितली होती रे तिनं!" असं ओरडत तिनं त्याला दोन्ही हातांनी बडवलं. त्यानं हात वर केला नाही. आणि मार खाता खाताच तो पारावर कलंडला आणि घोरायला लागला. देवी खोळंबलेली आणि हा घोरतोय, पाटलाला संताप आला. त्यानं लाथ उगारली, तर म्हातारीच मध्ये आली. "आता हात लावशील तर बघ. झोपू दे त्याला." दोन दिवस तो झोपला, आणि दोन्ही दिवस ती उशाशी बसून होती म्हणतात. तिनं त्याला माफ केलं का, ते कोणी सांगत नाही. मला तर वाटत नाही. लेक गेली होती तिची.

आजही जत्रेला पालखी इथं आली की ढोल खाली ठेवतात. पारावर गावची एक माहेरवाशीण झोपलेली असते, सासरहून जत्रेला आलेली. डोळे मिटून सोंग घेतलेलं चालत नाही, खरोखर झोपावं लागतं. बिचाऱ्या इतक्या दमलेल्या असतात की पडल्या पडल्या झोप लागते. ती आपण होऊन उठेपर्यंत देवी थांबते. गेल्या साली शेवंता अडीच तास झोपली. सगळं गाव उन्हात उभं होतं, तिचा नवरासुद्धा, आणि कोणी खोकलंदेखील नाही.