मोठं वर्कस्टेशन

“मग दोन्हींपैकी कोणतं घेऊ, सर?”

डॉ. इंद्रजित मुळीकनं लॅपटॉप हळबे सरांपुढे सरकवला. पडद्यावर एका लहान मुलीचं हृदय संथपणे फिरत होतं. जुईचं. गेल्या महिन्यात ऑपरेशन चालू असतानाच ती गेली.

हळबे सरांनी उभा जन्म लहान मुलांच्या हृदयांवर शस्त्रक्रिया केल्या. हात थरथरायला लागले तसं त्यांनी हॉस्पिटल सोडलं आणि कृष्णाकाठच्या एका मठात येऊन राहिले. इंद्रजित त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. संगणकावर रुग्णाच्या हृदयाचं मॉडेल करून, ऑपरेशननंतर रक्त कसं वाहील हे आधीच सांगण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. हे त्यालाही ठाऊक होतं.

जुईचं सगळं नीट होईल, असं त्याच्या मॉडेलनं सांगितलं होतं.

दोष जुन्या मशीनचा, असं त्याचं म्हणणं. मेमरी अपुरी पडली, म्हणून बारीक रक्तवाहिन्या गाळाव्या लागल्या. आता हॉस्पिटल नवं वर्कस्टेशन घ्यायला तयार होतं. एक बेताचं, रोजच्या कामाला पुरेल असं. दुसरं अवाढव्य; त्याच्या ग्राफिक्स कार्डात अख्खं हृदय काही न गाळता मावलं असतं आणि जुईचं मॉडेल पुन्हा चालवून चूक शोधता आली असती.

 सरांनी पडद्याकडे बघतच विचारलं, मोठ्या मशीनला स्कॅन कुठला देणार?

तोच, ऑपरेशनआधी काढलेला जुईचा, इंद्रजित म्हणाला. दुसरा आता कुठून येणार...

“तिच्या आईला भेटलास?”

नाही, इंद्रजित म्हणाला. ती अधूनमधून येते, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहते, असं त्यानं तुटक तुटक सांगितलं. पण नेमकं कुठं चुकलं ते कळल्याशिवाय तिच्यासमोर काय तोंड घेऊन जायचं? उत्तर हाती आलं की तो स्वतःच जाणार होता.

“ती काय विचारते?”

“मला नाही... नर्सला विचारते. आत नेल्यावर जुई काही बोलली का, एवढंच.”

“तू होतास आत?”

“होतो.”

“बोलली?”

इंद्रजितनं मान हलवली. बोलली होती.



सरांनी लॅपटॉप उचलला, वळवला आणि ते फिरणारं हृदय त्याच्याच पुढ्यात ठेवलं.

“मोठंच घे,” ते म्हणाले. “त्या बाईपासून लपायला लहान पुरायचं नाही.”