ठकीचा सुळका

तो ढगात डोकं घालून बसलेला ना, तो हाळ्याचा डोंगर. शेजारचा बारका, तो ठकीचा सुळका. मधे खिंड. फार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो, ऐका. गोड नाही, आधीच सांगतो.

डोंगरावर चांगो नावाचा धनगर राहायचा. खिंडीत धुकं भरलं की वरून हाळी द्यायचा आणि वाटसरू त्या आवाजाच्या रोखानं खाली उतरायचे. धुक्यात चकवा आपल्याच माणसाच्या आवाजात हाका मारतो आणि कड्यावर नेतो, असं म्हणतात. पण चांगोच्या हाळीवर सगळ्यांचा भरवसा.

एक साल पाऊस आलाच नाही. भगत म्हणाला, "ह्याच्या वरडण्यानं ढग बिचकत्यात." नाचता येईना अंगण वाकडं! पाटलानं चांगोला चावडीवर बोलावलं. एकुलत्या एका लेकीच्या, ठकीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला आणि वदवून घेतलं, की पुन्हा हाळी देणार नाही. पुढं पाऊस आपल्या वेळेला आला. पाटलानं मिशीला पीळ भरला.

त्याच वर्षी ठकी लग्न होऊन खिंडीपलीकडं गेली. नागपंचमीला ती माहेरी निघाली. वाटेत बाजाराहून परतणारा पाटील आणि त्याची चौदा माणसं भेटली, त्यांच्याबरोबर चालू लागली. भरदुपारी असं धुकं पडलं, की स्वतःचा हात दिसेना.

वर चांगो उभा. हाळी द्यावी तर शपथ लेकीला भोवणार, न द्यावी तर लेक कड्यावरून जाणार. काय करील हो बाप? त्यानं हाळी दिली. सात गावांतली गुरं दचकून उठली, असं म्हणतात.

पाटील हसला. "मोडली की शपथ! चला रं आवाजाकडं." गरिबाच्या शब्दाला त्याच्या लेखी किंमतच कुठं होती? तो आणि त्याची माणसं सुखरूप उतरली.

ठकी तेवढी जागच्या जागी थांबली. "माझा बा माझ्या डोक्यावरची शपथ मोडायचा न्हाई," ती म्हणाली. "ह्यो चकवाच." कुणी धरायच्या आत ती आवाजाकडं पाठ करून पळत सुटली.

ती पडली तिथं एका रात्रीत सुळका उभा राहिला, असं म्हणतात. चांगो तिच्याकडं बघत वर बसला तो बसलाच. पुन्हा त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. बसल्या जागी त्याचा दगड झाला.

आता दर नागपंचमीला सगळं गाव खिंडीत जातं. पहिला नारळ पाटलाच्या घरचा. मान आहे ना त्यांचा! लाज मेली कधीच. मग सारे सुळक्याकडं तोंड करतात आणि घसा फुटेस्तोवर ओरडतात, "ठके, माघारी फिर! तुझा बाच हाय गं त्यो!"