अक्षराचा वसा

ऐका शारदामाई, अक्षराची कहाणी. आटपाट गाव होतं, गावाला नदी होती, नदीकाठी तेल्याचं घर होतं. घरात सासू सावजाबाई, तिचा लेक रावजी, सून केवळा. घाणा फिरे, तेल निघे, खाऊनपिऊन सुखी होती.

एके दिवशी काय झालं? केवळा नदीवर धुणं धूत होती. तिथं एक म्हातारी आली, वाळूत बोटानं रेघा ओढू लागली.

"बाई बाई, हे काय करता?"

"अक्षराचा वसा वसते."

"त्यानं काय होतं?"

"न दिसणारं दिसतं."

"तो मला सांगा."

"उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

मग म्हातारी म्हणाली, "दर बुधवारी इथं यावं, एक अक्षर घ्यावं. घरी रोज गिरवावं, मग जेवावं. आणि शिकणाऱ्याला आडवं येऊ नये."

केवळा चुलीच्या राखेत गिरवू लागली. एक दिवस सासूनं पाहिलं. केरसुणी घेतली, अक्षर पुसलं. म्हणाली, "बाई अक्षर शिकली तर घरधन्याचं आयुष्य उणं होतं. मला माझ्या आईनं सांगितलं, तिला तिच्या आईनं." केवळेनं पुन्हा राख पसरली, गिरवलं, मग जेवली.

पुढं रावजी घाटाखालच्या बाजारी तेल घेऊन गेला. महिना झाला, परत आला नाही. एका वाटसरूनं चिठ्ठी आणली. कुणी दिली, कशाची, त्याला ठाऊक नव्हतं. सासू चिठ्ठी घेऊन निघाली. पहिल्या घरी गेली, वाचणारा परगावी. दुसऱ्या घरी गेली, वाचणारा पूजेला बसलेला, म्हणाला उद्या या. तिसऱ्या घरी गेली, वाचणाऱ्याला दिसेनासं झालेलं. मग घरी आली, केवळेपुढं चिठ्ठी ठेवली. "बघ, तुला काही अक्षर लागतं का."

केवळेला काना-मात्रा येत नव्हत्या. बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. "त, प. ताप असेल. म, ठ. मठ." तेवढ्यावर दोघी निघाल्या. घाट उतरल्या, मठ शोधला. रावजी तापानं फणफणलेला, माणूस ओळखत नव्हता. औषधपाणी केलं, गाडीत घालून घरी आणला, बरा झाला. सासू म्हणाली, "मी पुसत होते ते हे होतं होय." त्या दिवसापासून बुधवारी धुणं ती धुई, केवळा शिके.

मग केवळेला मुलगी झाली. तिचं नाव द्रुपदी. गावची शाळा शिकून झाली, तशी मुलगी म्हणाली, "आई, मी शहरात जाऊन पुढं शिकते."

केवळा म्हणाली, "चिठ्ठी वाचता येते, पुष्कळ झालं. शहरात गेलेली पोर आपली राहत नाही."

मुलगी एक दिवस जेवली नाही, दोन दिवस जेवली नाही, तीन दिवस जेवली नाही. मग सावजाबाई काठी टेकत आली. "केवळे, नवरा जाईल म्हणून मी तुला अडवलं. पोर जाईल म्हणून तू तिला अडवतेस. वसा काय होता?"

केवळा खाली बघत म्हणाली, "आडवं येऊ नये. पण आत्याबाई, ती परत आली नाही तर?"

"नाही यायची कदाचित. तरी पाठव."

केवळा उठली. लेकीला जेवू घातलं, गाठोडं बांधलं, वेशीपर्यंत गेली.

द्रुपदी शिकली, डॉक्टरीण झाली, शहरातच राहिली. सणाला येई, दोन दिवसांत जाई. तिचं बोलणं केवळेला अर्धं कळे. एकदा केवळा लेकीकडं गेली. दवाखान्यात बाया रांगेनं बसलेल्या. द्रुपदी एकेकीची नाडी बघे, एकेकीला समजावून सांगे. केवळा कोपऱ्यातल्या बाकावर सकाळपासून दुपारपर्यंत बसली. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "आजी, तुमचा नंबर कधी?"

केवळा म्हणाली, "मी आजारी नाही, बाई. मी नुसती बघायला आलेय."

शारदामाई, केवळेला जे डोळे भरून बघायला मिळालं, ते ऐकणारीला मिळो, सांगणारीला मिळो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरीं घरोघरच्या लेकींना सुफळ होवो.