कारळ्याच्या वासाचे पुस्तक

"पण बुवा, परीक्षा इथे? चुलीपुढे?"

तुळशीरामशास्त्रींनी धोतराचा सोगा सावरत विचारले. पायाशी कांद्याची साले पडली होती.

"इथंच. त्या पाटावर बसा," सोमगिरी बुवा म्हणाले आणि त्यांनी चुलीत लाकूड सारले.

बालाघाटच्या डोंगरातला हा लहानसा मठ. दर श्रावणात इथे मठाची जुनी पोथी महिनाभर वाचतात आणि ऐकायला सारी पंचक्रोशी लोटते. बुवांची नजर आता अधू झाली होती, श्रावण तोंडावर आला होता, आणि पोथीपुढे बसायला नवा वाचक हवा होता. याआधी तिघे विद्वान येऊन गेले. तिघांनीही एका अक्षराला न अडखळता म्हणून दाखवले, आणि तिघांनाही बुवांनी जेवू घालून परत पाठवले. का, ते कुणालाच कळले नाही.

शास्त्रींना मात्र ती जागा आपलीच वाटत होती. मठात पाऊल टाकतानाच त्यांनी पोथीपुढची बैठक डोळ्यांनी मापून घेतली होती.

"पाठ किती ग्रंथ आहेत?"

"एकोणीस. आणि आजवर एकाही सभेत अडखळलो नाही."

"वा! आणि आयुष्यातलं पहिलं पुस्तक कोणतं?"

"व्याकरणाचं. सातव्या वर्षी. आमच्या घराण्यात वाचनाची परंपराच आहे."

"अस्सं," बुवा म्हणाले. "म्हणा मग. कुठूनही."

शास्त्री म्हणू लागले. वाणी खणखणीत, उच्चार घासूनपुसून लख्ख.

बुवांनी तेलात मोहरी टाकली. ती तडतडली. शास्त्रींचा आवाज तसूभर हलला नाही.

बुवांनी हिंग टाकला. शास्त्री दुसऱ्या अध्यायात शिरले.

समोरच्याने मान डोलवावी असे ते म्हणणे होते, पण समोरचा फोडणीत गुंतला होता. शास्त्रींना राग आला. त्यांनी आवाज आणखी चढवला.

मग बुवांनी तव्यावर कारळे टाकले. बारीक काळे दाणे तडतडू लागले आणि खमंग, किंचित कडवट वास सगळ्या खोलीत भरला. बुवांनी ते खलात ओतले, वर लसूण आणि सुकी मिरची घातली, आणि बत्ता हातात घेतला.

ठक्... ठक्... ठक्...

शास्त्री थांबले.

पुढची ओळ सापडेना. एकोणीसच्या एकोणीस ग्रंथ जणू कुणी उचलून नेले होते.

"काय झालं?"

"काही नाही... एक पुस्तक आठवलं."

"एकोणिसातलं?"

"नाही."

बत्ता चालूच होता.

"कोणतं मग?"

"नाव माहीत नाही, बुवा. त्याला वरचं पानच नव्हतं. माझे वडील मोंढ्यात धान्याची पोती उचलायचे. हमाल होते. ते पुस्तक त्यांना रद्दीत सापडलं. संध्याकाळी आई कारळ्याची चटणी कुटायची आणि बाबा अक्षराखाली बोट धरून वाचायचे. बत्त्याच्या एका ठोक्याला एक शब्द... त्याहून जास्त वेग त्यांना जमायचा नाही."

"कशाचं पुस्तक?"

"एका बोटीचं. भर समुद्रात ती वादळात सापडते..."

"आणि?"

"पुढची पानं नव्हती."

बुवांचा बत्ता थांबला.

"मग शेवट?"

"शेवट बाबा सांगायचे!" शास्त्रींची मान एकदम वर आली. "रोज निराळा. कधी देवमासा बोट पाठीवर घ्यायचा. कधी वाराच दमून झोपी जायचा. आणि ज्या दिवशी मोंढ्यात काम मिळालेलं नसायचं ना, त्या दिवशी बोटीला हमखास किनारा लागायचा. बाबांनी समुद्र कधी बघितला नव्हता. पण तसा शेवट सांगणारा माणूस मला एकाही सभेत भेटला नाही. घराण्याची परंपरा वगैरे खोटं बोललो मी. मी केरबा हमालाचा मुलगा आहे!"

इतक्या ताठ्याने त्यांनी एकोणिसाचा आकडाही सांगितला नव्हता.

मग त्यांना भान आले. आपण अडखळलो होतो. ज्या जागेसाठी एवढा डोंगर चढून आलो, ती गेली. फार वाईट वाटले त्यांना.

"येतो मी," ते उठत म्हणाले.

"हात पुढे कर."

तळहातावर चिमूटभर चटणी आली. शास्त्रींनी ती जिभेवर ठेवली आणि त्यांचे डोळे भरून आले. मिरचीने नव्हे.

बुवांनी हात धुतले. आत जाऊन लाल कापडात बांधलेली पोथी आणली, शास्त्रींना पुन्हा पाटावर बसवले आणि ती त्यांच्या मांडीवर ठेवली.

"शेवटचं पान काढ."

शास्त्रींनी कापड सोडले, पाने उलटली. शेवटच्या पानाची कड वाळवीने खाल्ली होती. वाक्य मध्येच तुटले होते. त्यापुढे नुसती लाकडी फळी.

"बुवा... ही तर अपुरी आहे!"

"आहे."

"मग दर श्रावणात शेवट कोण सांगतं?"

बुवा पुन्हा खलापाशी बसले. खलातली चटणी बोटावर घेऊन त्यांनी हळूच चाखली.

"तीस वर्षं मी. माझी आई ओली हळद किसता किसता गोष्ट सांगायची... यंदा तू."