सवयीची गोष्ट

कासारवेळच्या वाचनालयात आठ जुने संगणक होते. नेहमीच्या सिस्टिमची नवी आवृत्ती त्यांना पेलेना, म्हणून ग्रंथपाल हेमलता वायंगणकर यांनी सगळ्यांवर लिनक्स ही हलकी, फुकट मिळणारी सिस्टिम घातली. यंत्रं पुन्हा धावू लागली आणि भरतीचे अर्ज भरणाऱ्या मुलींनी खोली गजबजली.

एके दिवशी नगराध्यक्ष टेकाडेसाहेब लवाजम्यासह पाहणीला आले. पंचवीस वर्षं खुर्चीत बसलेल्या नगराध्यक्षांना पाडून ते नुकतेच निवडून आले होते. पडद्यावर ओळखीची चित्रं दिसेनात, तसा त्यांचा पारा चढला.

"बाई, हे काय भलतंच? लोकांना जुन्याची सवय आहे. सवयीचं सोडून कोणी नव्याच्या नादी लागतं का? उद्यापासून खोली बंद. यंत्रं भंगारात काढा."

मुलींचे हात थांबले. हेमलताबाईंनी आवाज शांत ठेवला.

"साहेब, गावाला आधीच्या नगराध्यक्षांचीही पंचवीस वर्षांची सवय होती. तरी लोकांनी तुम्हाला संधी दिलीच ना?"

लवाजम्यातल्या दोघांना एकदम खोकला आला. साहेबांनी मागे वळून पाहिलं, मग मिशीवरून हात फिरवला.

"ते ठीक आहे. पण हे नवं लोकांना नाही पटलं तर?"

"तर आजच्या आज बदलता येतं, साहेब," बाई नम्रपणे म्हणाल्या. "याला पाच वर्षं थांबावं लागत नाही."

यावर साहेबच खो खो हसले आणि खुर्ची ओढून बसले.

"दाखवा बरं, यात मराठी कसं लिहायचं ते."